एक पस्तीसचा सेल

रेश्माचं लग्न ठरलं त्या दिवशी ती पेढे घेऊन माझ्याकडे आली. पाया पडली आणि म्हणाली, "आप्पा, मला मोठीआईच्या कॅमेऱ्यातला फोटो पायजे. मोबाईलचा नको."

रेश्मा माझ्या धाकट्या भावाची, रामची मुलगी. माझी बायको भागूबाई, तिला ती मोठीआई म्हणायची. आम्हाला मूल झालं नाही, त्यामुळे रेश्मा अर्धी आमच्याच घरात वाढली. भागूचं वर्षश्राद्ध होऊन तेव्हा आठ दिवस झाले होते. लग्न तीन आठवड्यांवर होतं.

मी म्हणालो, "ती न्हाई तर काढणार कोण?"

"तुमी काढा."

"मला काय येतंय त्यातलं? मी खांबावर चढणारा मानूस."

"मोठीआईच्या मागं छत्री धरून तुमीच तर उभं ऱ्हायचा. इतकी वर्षं काय नुसती छत्रीच धरली?"

मी हो म्हणालो. नाही म्हणायला मला जमलं नाही.

मी वीज मंडळात लाइनमन होतो. चौतीस वर्षं तिसगाव आणि आसपासच्या वाड्यांवर तारा ओढल्या, फ्यूज टाकले. भागूचे वडील नगरला चितळे रोडला फोटो स्टुडिओ चालवायचे. अरणगावला आलेल्या एका परदेशी पाहुण्याकडून त्यांनी एक जुना जपानी कॅमेरा विकत घेतला होता. त्यांना मुलगा नव्हता. त्यांनी सगळं काम भागूला शिकवलं आणि लग्नात भांड्यांबरोबर तो कॅमेराही दिला. आमच्याकडचे सगळे हसले. माझी आई म्हणाली, "हंडा दिला असता तर पानी तरी आनलं असतं."

पण पुढं गावातल्या बाया भागूकडे यायला लागल्या. तेव्हा स्थळ बघायचं म्हणजे आधी मुलीचा फोटो पाठवायचा असे. पाथर्डीच्या स्टुडिओत परक्या माणसापुढे बसायला मुली लाजायच्या, मान वर करायच्या नाहीत. भागूपुढे लाजायचं काही कारण नव्हतं. ती फोटो काढताना मुलीशी भाजीपाल्याचं बोलायची.

त्यातूनच दुसरा फोटो सुरू झाला. हळद लागायच्या आधी सकाळी मुलीचा एक फोटो काढायचा. अंगावर रोजचा कपडा, दागिना नाही, मेकअप नाही. दाराच्या आत पाट टाकून तिला बसवायचं. उंबऱ्यावर बसायचं नाही, उंबऱ्याच्या आत. भागू अंगणात उभी राहायची आणि भिंगावर ऊन येऊ नये म्हणून मी वर छत्री धरायचो. दोन प्रती निघायच्या. एक मुलीबरोबर सासरी जायची, एक तिच्या आईकडे राहायची. लग्नाचे अल्बम कपाटात पडून असतात, पण हा फोटो आमच्या गावात अजून कितीतरी घरांत देवाच्या फळीशेजारी लावलेला दिसतो. सगळ्यांकडे मोबाईल आले तरी ही रीत मोडली नव्हती. ती मोडली २०१८ साली. त्या वर्षानंतर भागूनं कॅमेऱ्याला हात लावला नाही.

रेश्मा गेल्यावर मी पेटी उघडली. कॅमेरा भागूच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला होता. बटण दाबलं, टक आवाज आला, म्हणजे मशीन चालू होतं. पण आतला काटा हलत नव्हता. सेल काढून वेगळ्या डबीत ठेवलेला होता आणि त्यावर पांढरा क्षार आला होता.

या कॅमेऱ्याला फोटो काढायला सेल लागत नाही. सेल लागतो तो उजेड मोजायला. डोळा लावून आत बघितलं की कडेला एक बारीक काटा दिसतो. उजेडाप्रमाणे तो वर-खाली होतो. भिंगाभोवतीची कडी फिरवून काटा खाचेत आणायचा, मग बटण दाबायचं. काटा खाचेत नसेल तर फोटो एक तर पांढराफट्ट येतो, नाहीतर काळा. भागूचं सगळं काम त्या काट्यावर होतं. वडिलांनी तिला सांगितलं होतं की डोळ्याला उजेड कळत नाही, डोळा सवयीनं फसतो, काटा फसत नाही.

मी डबीतला सेल खिशात टाकला आणि शोधायला निघालो.

तिसगावातल्या घड्याळवाल्यानं सेल हातातसुद्धा घेतला नाही. पाथर्डीच्या दुकानदारानं भिंगातून बघितला. हा साधा बटण सेल होता, त्याला मी बाहेरून तांब्याच्या तारेचं कडं बसवलेलं होतं. तो म्हणाला, "आतला सेल देतो, पन हे कडं कुनी घातलं?"

"मी."

"मंग बसवा नवा, झालं की."

मी घेतला नाही. कॅमेऱ्याच्या झाकणाच्या आत वेगळंच काहीतरी लिहिलेलं होतं, १.३५. या वेळी मला तो आकडा पाळायचा होता. का ते मलाही नीट सांगता आलं नसतं. ती गेल्यापासून मी तिच्या सगळ्या गोष्टी तिनं ठेवल्या तशाच ठेवत होतो. मिठाची बरणीसुद्धा हलवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी एसटीनं नगरला गेलो. कापड बाजारात चार दुकानं फिरलो. एक जण म्हणाला, "काका, ह्या सेलचं वय माझ्यापेक्षा जास्त हाय." दुसऱ्यानं मोबाईलवर बघून सांगितलं की तसले सेल जगातच बंद झालेत. त्यात पारा असायचा, म्हणून बंदी आली. तिसऱ्यानं मला नवा मोबाईल घ्यायचा सल्ला दिला. शेवटी एका स्टुडिओवाल्यानं पत्ता दिला. सावेडीत नारायणराव म्हणून एक म्हातारे आहेत, पूर्वी सगळ्या जिल्ह्याचे कॅमेरे त्यांच्याकडे दुरुस्तीला यायचे.

नारायणराव ऐंशीच्या पुढचे होते. त्यांच्या सुनेनं, निवेदिताताईंनी, दार उघडलं आणि सांगितलं, "मोठ्यानं बोला, त्यांना कमी ऐकू येतं." त्यांच्या कानामागे मशीन होतं. टेबलावर पेचकस ओळीनं मांडलेले होते. कॅमेरा हातात घेतल्यावर त्यांनी आधी तो हुंगला.

"चांगला ठेवलाय. कोणाचा?"

"मालकिणीचा. गेल्या साली वारली."

त्यांनी मान हलवली. झाकण उघडून बघितलं. "ह्याला पाऱ्याचा सेल लागायचा. एक पस्तीस व्होल्ट. आता मिळत नाही. तुम्ही आत्तापर्यंत काय घालत होता?"

मी खिशातून तो सेल काढून टेबलावर ठेवला. त्यांनी कडं बघितलं. "हे कोणी केलं?"

"मीच केलं. जुना मोठा होता, हा बारीक. हालायचा, म्हणून सर्व्हिस वायरची तार गुंडाळून कडं केलं."

"हात चांगला आहे तुमचा," ते म्हणाले. "पण हा दीड व्होल्टचा आहे."

"व्हय. पंधरा पॉइंटचा फरक."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खणातून तसाच एक नवा दीडचा सेल काढला, माझ्या कड्यात बसवला, कॅमेऱ्यात घातला आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर धरला. कडी फिरवली. मला म्हणाले, "बघा, काटा खाचेत आहे. कडीवरचा आकडा वाचा."

"आठ."

त्यांनी सेल काढला. मग कानामागचं मशीन काढलं, नखानं त्याचं दार उघडलं आणि त्यातला सेल काढून माझ्या कड्यात बसवला. अगदी तेवढाच होता. कॅमेरा पुन्हा त्याच भिंतीवर धरला. "आता वाचा."

काटा खाली उतरला होता. कडी फिरवून तो खाचेत आणला.

"चार."

"कानाच्या मशीनचा सेल," ते मोठ्या आवाजात म्हणाले, कारण आता त्यांना स्वतःचंच ऐकू येत नव्हतं. "सहाशे पंचाहत्तर नंबर. एक चाळीस व्होल्ट. पाऱ्याच्या सेलच्या अगदी जवळ. कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतो. पाठीवर चिकटपट्टी असते. ती काढली की हवा लागते आणि सेल जागा होतो. एकदा जागा झाला की वापरा न वापरा, महिना-दोन महिन्यांत संपतो. म्हणून ज्या दिवशी काम त्याच दिवशी पट्टी काढायची."

"अन् आठ अन् चारमधी फरक किती?"

त्यांना ऐकू आलं नाही, पण मी काय विचारत असेन ते त्यांना माहीत होतं. "तुमच्या सेलवर काटा सांगतो, उजेड भरपूर आहे. माणूस त्याप्रमाणे भिंगाचं तोंड बारीक करतो, चाराऐवजी आठवर आणतो. आकडा दुप्पट म्हणजे तोंडाची रुंदी निम्मी. जेवढा उजेड आत जायला पाहिजे त्याचा चौथा हिस्सा जातो. फोटो काळा येणार. काढणारा कितीही हुशार असू द्या. सावलीतला फोटो असेल तर आणखी वाईट."

मी खुर्चीत बसून राहिलो.

२०१७ च्या दिवाळीत भागूकडचा शेवटचा पाऱ्याचा सेल संपला. वडिलांनी तिला डझनभर सेल देऊन ठेवले होते, ती ते फ्रीजमध्ये डबीत ठेवायची आणि जपून वापरायची. मी तेव्हा निवृत्तीला आलो होतो. पाथर्डीला कामानिमित्त गेलो तेव्हा घड्याळवाल्याकडून बटण सेल आणला, कडं केलं आणि बसवून दिला. काटा टणकन हलला. मला आनंद झाला होता.

ती म्हणाली होती, "अहो, पन ह्याच्यावर दीड लिवलंय. आतमधी एक पस्तीस हाय."

मी हसलो होतो. आमच्या गावात दोनशे तीस व्होल्ट फक्त कागदावर असतात. मोटारी एकशे सत्तरवर चालतात, उन्हाळ्यात दीडशेवर. पहाटे अडीचशे येतात तेव्हाही बल्ब जळत नाहीत. चौतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की थोडं कमी-जास्त चालतंय. मी तिला म्हणालो, "भागू, पंधरा पॉइंटला काय धाड भरलीय? इजेचं मला सांगू नको." ती म्हणाली, "बरं." विजेचं काम माझं, तिनं त्यात कधी तोंड घातलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात तीन लग्नं होती. शेजारच्या आक्काबाईची नात संस्कृती, आबासाहेबांची मुलगी आणि वेशीजवळच्या मच्छिंद्रची मुलगी. तिघींचे फोटो एकाच रोलवर होते. रोल संपल्यावर नगरला धुवायला दिला. फोटो आले तेव्हा तिन्ही मुली सासरी जाऊन दोन महिने झाले होते. तिघींचे चेहरे काळे. दार दिसत होतं, अंगण दिसत होतं, पाटावर कोणीतरी बसलंय एवढं कळत होतं. परत बसवून काढायचा फोटो तो नव्हता.

आक्काबाई तेव्हा चार बायांसमोर आमच्या अंगणात म्हणाली होती, "पोरीचं त्वांड काळं करून धाडलं सासरी. दिसत न्हाई तर हात कशाला घालावा मानसानं." भागू आत गेली. नंतर मला म्हणाली, "माझी नजर गेली. मला काटा नीट दिसत नसंल." आणि कॅमेरा गुंडाळून ठेवला. पुढची सहा वर्षं गावात हळद असली की ती त्या सकाळी घरातून बाहेर पडायची नाही.

सावेडीच्या त्या खोलीत मी नारायणरावांना म्हणालो, "तिनं सांगितलं हुतं मला."

त्यांचा सेल कॅमेऱ्यात होता. ते म्हणाले, "काय?"

मी मान हलवली, काही नाही म्हणून. दुसऱ्यांदा बोलायला मला जमलं नाही. त्यांनी सेल काढून कानाच्या मशीनमध्ये परत घातला, मशीन लावलं आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. निघताना फ्रीजमधून एक रोल काढून दिला, नको म्हणालो तरी. एका चिठ्ठीवर लिहूनही दिलं, कडी कशी फिरवायची, काटा कुठं आणायचा. खाली लिहिलं होतं, मुलगी सावलीत असेल तर उजेड चेहऱ्याजवळ जाऊन मोजा, मग मागे या, कडी हलवू नका. हे मला माहीत होतं. भागू तसंच करायची. ती मुलीच्या तोंडापाशी कॅमेरा न्यायची तेव्हा मुली हसायच्या.

तिसगावला उतरलो. स्टँडसमोर मेडिकल आहे, आमच्या घरापासून पन्नास पावलांवर. भागूच्या बीपीच्या गोळ्या मी दर महिन्याला तिथूनच आणायचो. काउंटरच्या मागं खिळ्याला कानाच्या सेलचं पाकीट टांगलेलं होतं. पाकिटात सहा सेल, प्रत्येकाच्या पाठीवर निळी पट्टी.

मी विचारलं, "हे कधीपास्नं ठेवता?"

"पयल्यापास्नं," दुकानदार म्हणाला. "माझे वडील बसायचे तवापास्नं हायेत. कुनाला, तुमाला लागलं का आता मशीन?"

हळदीच्या दिवशी सकाळी साडेआठला रामच्या अंगणात गेलो. रेश्मा न्हाऊन साध्या ड्रेसमध्ये पाटावर बसली होती. तिची आई धनश्री पदराला हात पुसत उभी होती. मी सेलची पट्टी काढली, पाच मिनिटं थांबलो, कड्यात बसवला. छत्री रामकडे दिली.

राम म्हणाला, "दादा, खांबावर चढल्यासारखं पाय का फाकवलेत?"

"तू छत्री धर. बोलू नको."

"वैनी बोलायच्या की फोटो काढताना."

"ती बोलायची. मला दोन कामं एकदम येत न्हाईत."

रेश्मा हसली. मी तिच्या तोंडाजवळ कॅमेरा नेला, काटा खाचेत आणला, कडी धरून तसाच मागे आलो. धनश्री म्हणाली, "भाऊजी, सावकाश, मागं तुळस हाय." मी श्वास धरून बटण दाबलं. एकच काढला. भागू एकच काढायची.

लग्न झालं. त्या गडबडीतच मी रोल नगरला दिला. उरलेल्या जागा रिकाम्याच गेल्या. लग्नानंतर रेश्मा परतणीला माहेरी आली त्या दिवशी फोटो हातात आला होता.

फोटो चांगला आला होता. मी बसस्टँडवरच पाकीट उघडलं. रेश्माच्या कपाळावरची जखमेची खूण दिसत होती, केसांतलं पाणी दिसत होतं, एक डोळा जरा बारीक करते तेसुद्धा. मला काहीच येत नाही. मी उभ्या जन्मात फोटो काढला नव्हता. एका चिठ्ठीवर आणि एका मेडिकलच्या सेलवर तो पहिल्या खेपेला आला. माझ्यासारख्याला आला, तर तिला नसता आला का? नगरहून तिसगावपर्यंत मी तो फोटो पाकिटात घालून परत बाहेर काढत होतो. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "नात का?" मी हो म्हणालो.

रामच्या अंगणात बाया जमल्या होत्या. फोटो हातोहात फिरला. धनश्रीनं डोळ्याला पदर लावला. शेवटी तो आक्काबाईकडे गेला. तिनं चष्मा वर करून बराच वेळ बघितला.

"कानिफ," ती म्हणाली. माझं नाव कानिफनाथ, म्हणताना सगळे कानिफच म्हणतात. "लई बेस आलाय रं. भागूपरीस तुजा हात बरा निगाला की. तुलाच धरू द्यायचा हुता तिनं."

बाया हसल्या. तिला वाईट बोलायचं नव्हतं, ती कौतुकच करत होती.

मी म्हणालो, "आक्का, संस्कृतीचा फोटो भागूनं काळा केला न्हाई. म्या केला."

"तू कवा काढला?"

"काढला तिनंच. सेल म्या घातला हुता. चुकीचा. उजेड मोजनारा काटा त्या सेलवर खोटं सांगत हुता. तिन्ही पोरींचे फोटो त्याच्यामुळं गेले. तिची नजर बरुबर हुती, हात बरुबर हुता. परवा नगरला एका जानत्या मानसानं दाखवलं मला. हा फोटो आला तो बी सेल बदलला म्हनूनच. माझा कसला हात."

 रेश्मा माझ्याकडे बघत होती.

आक्काबाईनं फोटो पालथा करून मांडीवर ठेवला. "आता सांगून काय उपेग? ती ऐकाया हाय का?"

"तुमी हाय ना. तुमी बोलला हुता, तुमीच ऐका."

"मी बोलले हुते," ती म्हणाली. फोटो रेश्माच्या हातात दिला. मग म्हणाली, "बाकीच्या दोन घरी सांगितलंस का?"

"न्हाई अजून. आत्ता जातो."

"मी येते. तू एकला गेलास तर म्हनतील, बायकू मेली म्हनून ग्वाड बोलतोय." आणि ती गुडघ्यावर हात ठेवून उठली.

आबासाहेबांच्या घरी फार वेळ लागला नाही. ते म्हणाले, झालं गेलं, तुम्ही कशाला मनाला लावून घेता. चहा घ्या. त्यांच्या मुलीचा फोटो कुठं आहे ते त्यांना आठवत नव्हतं. आक्काबाईनं त्यांना दोनदा सांगितलं, "भागूची चूक नव्हती. ऐकलं का? तुमच्या मंडळीला बी सांगा." ते हो हो म्हणाले.

मच्छिंद्रच्या घरी त्याची बायको एकटीच होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग आत गेली आणि फोटो घेऊन आली. त्यांनी तो टाकला नव्हता. काळा होता तरी चौकट केली होती. "वैनींच्या हातचा म्हनून ठिवला," ती म्हणाली. पदरानं काच पुसली आणि विचारलं, "पन भाऊजी, वैनींना कसं कळलं न्हाई? त्यांना तर आभाळात ढग आला तरी फरक कळायचा. सेल बदलला अन् त्यांच्या ध्यानात आलं न्हाई?"

प्रश्न साधा होता. मी नाही म्हणालो असतो तर तिथं विषय संपला असता. पण मग चूक परत भागूवरच आली असती. सेल नवऱ्यानं घातला, आणि तिला कळलं नाही. एवढं चालत आलो होतो ते मग कशासाठी?

"तिला कळलं हुतं," मी म्हणालो. "तिनं मला इचारलं हुतं. दोनदा."

पहिल्यांदा विचारलं ते मी वर लिहिलं आहे. दुसऱ्यांदाचं लिहिलं नाही, लिहायला हात होत नव्हता. काळे फोटो आले त्या संध्याकाळी ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली होती. तीन फोटो हातात धरून. म्हणाली, "अहो, त्या सेलमुळं तर नसंल? आधी कदी असं झालं न्हाई." मी जेवत होतो. उठून व्होल्ट मोजायचा मीटर आणला, सेलला लावला, तिला आकडा दाखवला. दीड. म्हणालो, "बघ. सेलमधी फुल पावर हाय. मशीनमधी काई न्हाई. तुझे डोळे दाखवून घे." दुसऱ्या आठवड्यात तिला नगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी सांगितलं, बारीक मोतीबिंदू आहे, अजून पिकला नाही, काळजीचं काही नाही. मी बाहेर आल्यावर तिला म्हणालो, "मी सांगितलं हुतं ना." ती एसटीत खिडकीकडे तोंड करून बसली होती. त्यानंतर तिनं मला सेलचं विचारलं नाही. दुसरंही काही फारसं विचारलं नाही.

हे सगळं मी मच्छिंद्रच्या ओट्यावर बसून, इथं लिहिलं तसंच सांगितलं. मच्छिंद्रची बायको चौकट हातात धरून उभी राहिली.  म्हणाली, "च्या ठिवते."

आक्काबाई उठली. तिनं चपला पायात घातल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

"आक्का, थांबा, मी येतो," मी म्हणालो.

"ये की तुजा तू," ती म्हणाली आणि निघाली. तिचा गुडघा दुखतो, ती हळू चालते. मला तिला सहज गाठता आलं असतं. मी मागं राहूनच घरी आलो.